समुद्रात उतरण्यापूर्वी



कुहीसारख्या गावी समुद्रावर व्याख्यान, हे ऐकून कुणाला हसू येईल. पण सुट्टी लागली की आपली मुले मालवणास जातात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी मारून येतात. तेथे बहुधा होडीतून नेतात व शिक्षक हात धरून असतो. पुढे हीच विद्या रीतसर शिकून किनाऱ्यावरून उतरायचे, तर पाण्याचा हिशेब आपला आपण करावा लागतो. माझा धाकटा मुलगा तेच शिकावयास निघाला आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला कामगार कार्यकर्ता. त्याला अडविण्याऐवजी मी पुस्तके वाचली, मालवणच्या गाबीत बांधवांजवळ बसलो; जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपण सारे आंभोऱ्याच्या संगमावर गेलो आहोत. नदीची ओढ एकाच दिशेची. समुद्राचे तसे नव्हे. सुमारे सव्वासहा तास पाणी चढते, तितकेच तास उतरते. म्हणजे दिवसातून चार वेळा ते फिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा ओढ जोराची. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा मंद. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती पुरी होते. अष्टमीला सहा वाजता. हा अंदाज झाला. नेमकी वेळ कोष्टकात पाहावी. पाणी थबकण्याची वेळ ठिकाणागणिक मागेपुढे होते, ती तिथल्या माणसाला विचारावी आणि नवशिक्याने तेवढ्याच वेळात बुडी उरकावी.

जागाही पाहावी. देवबागेस कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीत नदीचे आणि खाडीचे पाणी एकदमच बाहेर धावते. तेथे शिकाऊचे काम नाही. ताशी दोन किलोमीटरची ओढ ऐकायला क्षुल्लक वाटते, पण सरंजाम अंगावर घेतलेला माणूस तिच्यापुढे लवकर थकतो. म्हणून जाताना ओढीच्या विरुद्ध जावे, म्हणजे परतताना तीच मदत करते. हवेचे तीन वाटे करावे: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक राखीव. बाहेर पडण्याच्या जागा दोन ठरवाव्या. लाटांचे परतणारे पाणी बाहेर ओढू लागले, तर त्याच्याशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर सरकून त्यातून निघावे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात एका पोराला टाकी साफ करावयास उतरविले. तोंडाशी माणूस ठेवला नव्हता. तो गुदमरला, दैवाने वाचला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, “मला उतरायचे नव्हते, पण हजेरी कापतील म्हणून बोललो नाही.” ते वाक्य मी विसरलो नाही. समुद्रावरही तेच होते. पैसे भरलेले असतात, सोबती हसतील अशी भीती असते, आणि मूल मुकाट्याने पाण्यात शिरते. म्हणून आधीच ठरवावे, की “आज नको” असे कुणीही एकाने म्हटले की बुडी रद्द. कारण विचारायचे नाही, पैशांचा विषय काढायचा नाही.

मी मुलाला एवढेच सांगितले आहे: उतरण्याची वेळ, परतण्याची वेळ, बाहेर येण्याच्या दोन्ही जागा आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाचे नाव एका कागदावर लिही. एक प्रत त्या माणसाजवळ राहील, दुसरी कुहीस माझ्याजवळ. आपणही आपल्या मुलांकडून असा कागद मागून घ्या.