चिंध्यांची वही आणि श्रमाचा हिशेब

(जळगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने शिवणकामात उरलेल्या कापडाची वही कशी करावी, या विषयावर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कापसाचा भाव, बेकारी, महागाई हे विषय सोडून हे काय काढलेत, असे एका तरुण मित्राने मला सकाळी विचारलेही. त्यांना मी एवढेच म्हणालो की, माझे ऐकून घ्या आणि मग ठरवा.

कापूस आणि कागद या दोन्ही वस्तू खानदेशाला परक्या नाहीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीतील कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच ते उतरले. भाव चढला तो आपल्या हाताने नव्हे आणि उतरला तोही आपल्या हाताने नव्हे. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथे गिरण्या निघाल्या आणि कापसाबरोबर कापडही येथे होऊ लागले. आपल्या जिल्ह्यातील एरंडोल हे गाव एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून उत्तम होतो. १९४० साली पुण्यात जी हातकागद संस्था निघाली, तिनेही चिंध्यांनाच कच्चा माल मानले. म्हणजे वहीचे पान आणि तिचे वेष्टन ही दोन्ही कपाशीच्या एकाच बोंडातून निघू शकतात.

आज जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा वाजत नाही. तिच्या जागेवर व्यापारी संकुल उभे आहे. परंतु शिवणयंत्र घरोघर गेले आहे. परकर, झबली, पिशव्या, शाळेचे गणवेश हे काम नगावर घेऊन असंख्य भगिनी घरी बसून शिवतात. त्यांच्या यंत्राखाली जे कापड उरते, त्याविषयी मी बोलणार आहे.

धुळ्यात माझ्या घराजवळ दहाबारा भगिनींचा एक शिवणवर्ग चालतो. तेथे मी वही बांधायला शिकलो. रीत सोपी आहे. साधे चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा, एक जुज होतो. असे सहा जुज घेतले की शहाण्णव पृष्ठांची वही होते. प्रत्येक जुजाच्या घडीवर सारख्या अंतराने दाभणाने भोके पाडायची, मेण लावलेला जाड दोरा त्यांतून ओवायचा आणि टोकाशी आल्यावर आधीच्या जुजाच्या टाक्यात अडकवून गाठ घ्यायची. हीच जुजबंदी. मैद्याची खळ शिजवताना तीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. पुठ्ठ्याचे दोन तुकडे पानांपेक्षा किंचित मोठे कापायचे, मध्ये पाठीची पट्टी ठेवायची आणि वरून कापड चढवायचे. त्यासाठी सुमारे सव्वीस सेंटिमीटर उंच व अडतीस सेंटिमीटर रुंद असा तुकडा लागतो. एवढा अखंड तुकडा क्वचितच मिळतो. तेव्हा आपल्या आया गोधडीसाठी करीत तसे जोडकाम करावे. कापड विरळ असेल तर खळ वर फुटते व डाग पडतात, म्हणून त्याला मागून आधी पातळ कागद चिकटवावा. ताणले जाणारे होजिअरीचे कापड मात्र घेऊ नये. शेवटी वही दोन दिवस वजनाखाली वाळू द्यावी. घाई केली तर पुठ्ठा वाकतो. माझ्या पहिल्या तीन वह्या वाकड्याच झाल्या.

आता माझ्या चुकीविषयी. वह्या विकण्याचा विचार निघाला, तेव्हा किंमत ठरवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. कागद, पुठ्ठा, दोरा, मैदा मिळून खर्च बत्तीस रुपये. कापड फुकट. विक्री सत्तर रुपयांना. म्हणून फळ्यावर मी लिहिले : नफा अडतीस रुपये. इतकी वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे लिहिले! मागे बसलेल्या एका भगिनीने अहिराणीत विचारले की, सर, आमचा वेळ तुम्ही कुठे लिहिलात? मी निरुत्तर झालो. एका वहीला त्यांना सव्वादोन तास लागत होते. म्हणजे ज्याला मी नफा म्हणत होतो, ती तासाला सतरा रुपयांहूनही कमी अशी मजुरी होती. आठ तास राबले तरी सुमारे एकशे पस्तीस रुपये. आमच्याकडे निंदणीलासुद्धा याहून अधिक मिळतात. कापड तरी फुकट कुठे होते? ते कोणी तरी वेचले होते, धुतले होते, इस्त्री केले होते, रंग पाहून लावले होते.

घरात बसून केलेले काम हे फावल्या वेळचे, आणि फावला वेळ फुकटचा, हा समज माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाच्या हाडीमांसी किती मुरला आहे, ते मला त्या दिवशी कळले. नगावर काम देणाऱ्या मध्यस्थाचे सारे गणित याच समजावर उभे असते. वस्तुतः १९४८ च्या किमान वेतन कायद्यात तासाच्या दराप्रमाणे नगाच्या दराचीही तरतूद होती. घरून काम करणाऱ्या श्रमिकांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली खास करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. पण कायदा असला तरी तो मागायला पुरावा लागतो. किती नग शिवले, किती परत केले, किती पैसे हाती आले, हे सारे मध्यस्थाच्या वहीत असते. बाईच्या हाती काहीच नसते.

वही कोणाच्या हाती, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. लाल कापडात बांधलेली सावकाराची चोपडी आपल्या आजोबांनी पाहिली होती. तीत काय लिहिले आहे ते ऋणकोला वाचता येत नसे, आणि अंगठा मात्र त्याचाच असे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो पुणे-नगर भागात पसरला. कर्जरोखे हिसकावून जाळणे, हाच त्यांचा प्रमुख हेतू होता. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याने पैसे फेडले की त्याला लेखी पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, त्याने मागितल्यास त्याच्याजवळच्या पासबुकात नोंद करून द्यावी, अशी कलमे त्यात होती. परक्या सरकारलाही हे उमगले होते की हिशेबाची दुसरी प्रत दुबळ्या पक्षाच्या हाती असल्याशिवाय न्याय होत नाही.

हिशेबाइतकेच शब्दांचेही आहे. आपल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व नात्यातील पितांबर चौधरी यांनी जेवढी उतरून घेतली, तेवढी राहिली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. जी कोणी टिपली नाहीत, ती त्यांच्याबरोबर गेली. एका घरात वही होती म्हणून एवढे धन हाती लागले. खानदेशातल्या किती घरांत ती नव्हती?

अशा वह्या बांधून बेकारी हटेल, असे मी म्हणणार नाही. कारखान्यातली वही हिच्याहून स्वस्त पडते, आणि बाजारात तिच्याशी स्पर्धा करण्यात आपल्या भगिनींनी डोळे फोडून घ्यावेत, असे मला मुळीच वाटत नाही. विकायचीच असेल तर वेळ धरून किंमत लावावी. गिऱ्हाईक मिळाले नाही तर विकू नये. माझी सूचना वेगळी आहे. आपल्या प्रत्येक शाखेने घरी शिवण करणाऱ्या भगिनींना एक दिवस एकत्र बोलवावे आणि प्रत्येकीने आपल्याच उरलेल्या कापडाची एक वही स्वतःसाठी बांधावी. पानावर रकाने आखावेत : तारीख, कामाचा प्रकार, नग, लागलेला वेळ, ठरलेला दर, मिळालेले पैसे, बाकी. लिहिता येत नसेल तिथे घरातल्या शाळकरी मुलीने लिहावे. माल पोचवताना मध्यस्थाची सही त्यातच घ्यावी. तो सही देणार नाही, हे मी जाणतो. तेव्हा दहाजणींनी मिळून मागावी. संघटनेला आरंभ करायला एवढे कारण पुरेसे आहे.

आमच्या वर्गात अशा अकरा वह्या झाल्या. तीन महिन्यांनी आम्ही त्या पुढ्यात घेऊन बसलो, तेव्हा एकाच कामाला एकाच गल्लीत तीन निरनिराळे दर दिले जात असल्याचे उघड झाले. त्या आठवड्यात चौघीजणी मध्यस्थाकडे एकत्र गेल्या. दर अजून सारखा झालेला नाही. पण आता त्या सातजणी होऊन जातात.