गोळीबरोबरचे दोन शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. सातवी झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे चूल, गोठा आणि केळीचा मळा यांतच दिवस गेले. म्हणून कार्यवाहताईंनी ‘तुम्हीही काही बोला’ असा आग्रह केला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मग वाटले, पाककृती आणि भरतकाम यांवर माझ्याहून चांगले बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. आपण आपल्यावर गुदरलेला प्रसंगच सांगावा. विषय जरा लाजेचा आहे, पण येथे आपण सगळ्या बायकाच आहोत. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

2019 सालचा मे महिना होता. आपल्याकडचा उन्हाळा मी आपणांस काय सांगावा! पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि मळ्यात घड उतरवण्याचे काम चाललेले. शेतात बाईमाणसाला आडोसा नसतो, म्हणून आपण पाणीच कमी पितो. तशात मला लघवीला जळजळ सुरू झाली. चार दिवस मी कोणापाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी राहवेना, तेव्हा एका दवाखान्यात गेले. तेथे ही गर्दी! पाठीला पाठ लावून गल्लीतलीच माणसे बसलेली. त्यांच्यासमोर काय सांगणार? ‘अंग दुखते, कसकस वाटते’ असे म्हटले आणि उरलेले पुटपुटले. डॉक्टर शहाणे, त्यांनी ओळखले आणि सात दिवसांच्या चौदा गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या देणाऱ्या मुलाने पुडी पुढे सरकवली आणि म्हणाला, “सकाळ-संध्याकाळ एक-एक, जेवल्यावर. समजलं ना?” मी म्हटले, “हो.” तो म्हणाला, “पुढे या.” झाले!

भगिनींनो, त्या ‘हो’ने माझे काय केले ते ऐका. तीन दिवस गोळ्या घेतल्या, जळजळ थांबली. चौथ्या दिवशी एकादशी. आपण मुक्ताईच्या गावच्या, एकादशी मोडण्याचे मनातही येत नाही. ‘जेवल्यावर’ घ्यायची असे सांगितले होते. त्या दिवशी जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. पाचव्या दिवशी बरेच वाटत होते, तेव्हा म्हटले कशाला उगीच पोटात गरम औषध घालायचे? आठ गोळ्या उरल्या. त्या फेकण्याचे धारिष्ट होईना, विकत घेतलेली वस्तू ती! बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. श्रावणात मुलीला सर्दी-पडसे झाले, चार गोळ्या तिला दिल्या. दिवाळीच्या सुमारास माझ्या जाऊबाईंना माझ्यासारखाच त्रास झाला, उरलेल्या चार त्यांना दिल्या. जाऊबाई समोरच बसल्या आहेत; त्यांना विचारूनच हे सांगते आहे. एवढ्या आठ गोळ्यांच्या भांडवलावर मी गल्लीतली वैद्यीण झाले होते.

2020 च्या जानेवारीत मला हुडहुडी भरून ताप आला आणि पाठीत कुशीपाशी अशी कळ निघाली की उठवेना. ह्यांनी जळगावला नेले. तेथे लघवी तपासली आणि तिच्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, कोणते औषध त्यांना मारते ते पाहिले. तीन दिवसांनी कागद आला. त्यावर औषधांची ही लांब यादी, आणि प्रत्येकापुढे इंग्रजी ‘एस’ किंवा ‘आर’. ‘एस’ म्हणजे ते औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला दाद देत नाहीत. माझ्या डब्यातल्या गोळीपुढे ‘आर’ होता, आणखी कितीतरी औषधांपुढेही ‘आर’च होता. मग दवाखान्यात राहून इंजेक्शने घ्यावी लागली. पुढच्या हंगामाच्या केळीच्या रोपांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. जाऊबाईंचे दुखणेही चार गोळ्यांनी गेले नव्हते, दबले होते. त्यांनाही पुढे दोन महिने खेपा घालाव्या लागल्या, आणि आमच्या दोघींत काही दिवस बोलणे नव्हते.

माझ्याच चुकीने हे झाले का, असे मी तेथल्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की एका बाईच्या बाबतीत तसे नक्की म्हणता येत नाही. असले जंतू बाहेरूनही येतात. पण औषध अर्धवट घेणे आणि गरज नसता घेणे, या दोन्हींनी ते वाढतात. सर्दीचे जंतू निराळ्याच जातीचे, विषाणू म्हणतात त्यांना. त्यांच्यावर ही औषधे मुळीच चालत नाहीत. म्हणजे मुलीला दिलेल्या चार गोळ्या तर पाण्यातच गेल्या. पाण्यात तरी कशाच्या? तिच्या पोटातल्या जंतूंना त्यांनी धडाच दिला असेल.

माझ्या मुलीने मला याबाबतची एक हकीकत वाचून दाखवली. पेनिसिलीनचा गुण 1928 साली फ्लेमिंग नावाच्या डॉक्टरांनी ओळखला. 1945 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा धरला. त्याने आपल्याच मनाने पेनिसिलीन घेतले, पण कमी घेतले. जंतू मेले नाहीत, शहाणे मात्र झाले. ते त्याच्या बायकोला लागले. तिला न्युमोनिया झाला, पेनिसिलीन चालले नाही आणि ती गेली. ऐकून मी कितीतरी वेळ गप्पच बसले. औषध चुकीचे घेतले नवऱ्याने, मेली बायको! तेव्हा आपल्याकडे पेनिसिलीनचा कारखानाही नव्हता. पिंपरीचा सरकारी कारखाना 1954 साली निघाला. औषध घरोघरी पोचायच्या आधीच ज्याने ते शोधले त्याने इशारा देऊन ठेवला होता.

पण आता खरी गोष्ट सांगायची ती जळगावच्या सिस्टरबाईंची. घरी सोडताना त्यांनी मला गोळ्या दिल्या. ‘समजलं का’ असे त्यांनी विचारलेच नाही. गोळ्यांचे पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “ताई, मी नीट सांगितलं की नाही, ते मला बघायचं आहे. आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर ही कशी घ्याल?”

मी म्हटले, “सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर.”

“आणि उपास असला तर?”

मी गप्प. माझी चोरी सापडली होती. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “साबुदाणा खा, केळं खा, पण गोळी घ्या. दोन गोळ्यांत साधारण बारा तासांचं अंतर ठेवा. आणि बरं वाटलं म्हणजे?”

“तरीसुद्धा घ्यायच्या.”

“किती दिवस?”

ते मला सांगता येईना. मग त्यांनी पाकिटावर पेनाने एक सूर्य काढला, एक चंद्र काढला आणि शेवटच्या गोळीची तारीख घातली. अंगावर पुरळ आले किंवा दम लागला तर मात्र पुढची गोळी न घेता ताबडतोब या, हेही सांगितले. सगळे मिळून तीन-चार मिनिटे लागली असतील.

मी घरी येताना एसटीत विचार करत होते. ‘समजलं का?’ याला आपण बायका ‘हो’च म्हणतो. सासरी आल्यापासून तेच शिकलो आहोत. नाही म्हटले तर अडाणी ठरू, मागची रांग कुरकुरेल, ही भीती. आणि विचारणाऱ्यालाही ‘हो’च हवे असते, खरे सांगायचे तर. पण ‘मी नीट सांगितलं का’ असे म्हटल्यावर चूक निघाली तरी ती सांगणाऱ्याची ठरते, ऐकणारीची मान खाली जात नाही. शंभर रोगी आणि एक डॉक्टर, हे मलाही दिसते. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण तीन मिनिटे वाचवून माझे पाच दिवस आणि केळीची रोपे गेली, हाही हिशेब कोणी मांडावा.

ही गोष्ट मी आमच्या गल्लीच्या आशाताईंना सांगितली. त्या म्हणाल्या, “आम्हांला प्रशिक्षणात सांगतात, पण घाईत राहून जातं.” तेव्हापासून त्या उलटा प्रश्न विचारतात, आणि काय काय बाहेर पडते म्हणता! एका लेकुरवाळीने बाळाच्या औषधाच्या पुडीच्या बाटलीत खुणेच्या रेघेपर्यंत पाणी न घालता गळ्यापर्यंत भरले होते. औषध तितके पातळ झाले. दुसरी घरातल्या पोह्यांच्या चमच्याने द्यायची, बाटलीबरोबरचे मापाचे टोपण मुलांनी खेळायला नेले होते. तिसरी सकाळी सातला मळ्यात जाते, तिला दिवसातून तीनदा घ्यायची गोळी दिली. दुपारची रोज घरीच फळीवर राही. ‘समजलं का’ला तिघींनीही ‘हो’च म्हटलेले.

क्षयाच्या औषधाचेही असेच. आमच्या शेजारच्या बाबांचा खोकला दोन महिन्यांत थांबला. औषध सहा महिन्यांचे. ते सोडायला निघाले होते. आशाताई रोज त्यांच्या ओट्यावर बसून गप्पा मारीत आणि गोळ्या समोर घ्यायला लावीत. सहा महिने पुरे झाले, बाबा आता शेताला जातात.

आणखी एक. गोळ्या जास्त दिवस घेतल्या म्हणजे जास्त गुण, असेही नव्हे. पुष्कळ दुखण्यांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे औषध पुरते, असे आता डॉक्टरच सांगतात. म्हणून दिवस त्यांनी ठरवावेत, आपण बोटांवर नव्हे. आणि ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते चिठ्ठीवाचून घेऊ नये, हे सरकारने 2016 पासून सांगितले आहे. घरी गेल्यावर आपापले डबे उघडून रेघ पाहावी.

माझी मंडळाला एक विनंती आहे. कोणी सिस्टर किंवा आशाताई गडबडीत असल्या तर आपणच म्हणावे, “थांबा बाई, मी कशी घेणार ते सांगते, चुकलं तर सांगा.” पहिल्यांदा जीभ अडते. मी आता म्हणते, एकदा तर मागच्या रांगेतली बाईही म्हणाली, “मलापण सांगू द्या हो.” आणि लाजेच्या दुखण्याला आपल्यातली एकजण सोबत जावी, म्हणजे दाराशी उभी राहून आडोसा तरी होईल. ह्या महिन्यात ज्यांना जायचे असेल त्यांनी मला किंवा जाऊबाईंना सांगावे. आम्ही दोघी आता बरोबरच जातो.

तो बिस्किटांचा डबा मी मुद्दाम आणला आहे, टेबलावर आहे. आता त्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत. चहाबरोबर सगळ्यांनी घ्यावेत.