हिवाळ्याचे पान



कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की तो मजुरी आणि महागाई यांवरच बोलणार, असे आपण धरून चालतो. आज माझा विषय लेट्यूस, त्यातही उभ्या, लांब पानांची रोमेन जात, हा आहे. हे पान मोठ्या हॉटेलांतले, आणि विलायती असल्यामुळे वर्ध्याच्या उन्हात न येणारे, असे दोन समज रूढ आहेत. ते तपासून पाहू.

प्राचीन इजिप्तच्या मंदिरांतील शिल्पांत मिन या देवाजवळ उंच, उभ्या पानांचे लेट्यूस कोरलेले आहे. हकिमांच्या औषधांतले ‘काहू’ म्हणजे याचेच बी. तेव्हा हे पीक केवळ बर्फाळ मुलखाची मिरासदारी नव्हे.

मात्र त्याला उन्हाळा मानवत नाही. उष्णता वाढली आणि दिवस लांबला की झाड फुलाचा दांडा काढते, चीक वाढतो आणि पान कडू होते. तीस अंशांच्या वर बहुतेक बी उगवतच नाही. मे महिन्यात आपला पारा ४५च्या घरात जातो. तेव्हा झाडावर सावली धरून झगडण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे दव सहसा गोठत नाही, हीच आपली पुंजी. जिथे हिम पडते तिथला शेतकरी वसंताची वाट पाहतो. आपल्याला तोच वसंत कार्तिक ते माघ मिळतो.

दिवाळीच्या सुमारास बी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ गारव्याला ठेवावे आणि अगदी वरवर पेरावे. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून गादीवाफा करून भरपूर शेणखत घालावे. महिन्याभराने रोपे वीतभर अंतरावर लावावी. मुळे उथळ असतात. पाणी थोडे, पण वरचेवर द्यावे. पंधरा-पंधरा दिवसांनी दोन-तीनदा पेरले आणि बाहेरची पाने खुडत राहिले, तर माघापर्यंत भाजी पुरते. अंगण नसेल तर वीतभर खोल कुंडीही चालते.

आता मुख्य मुद्दा. हे पान कच्चे खायचे. शिजवलेल्या भाजीतले जंतू चुलीवर मरतात. इथे चूल नाही. म्हणून नाल्याच्या पाण्यावर ते पिकवता कामा नये. पण नुसता माळ्याला दोष देऊन भागायचे नाही. विहीर नसलेला माळी नालाच उपसणार, आणि त्या नाल्यात घाण सोडणारे आपणच. आपण पान धुऊन खाऊ. त्या पाण्यात दिवसभर उभी राहणाऱ्या मजूरबाईच्या पायांचे काय? सांडपाणी शुद्ध करा, ही मागणी तिची आणि आपली एकच आहे.

कच्चा पाला आपल्याला नवा नाही. मेथीचा घोळाणा आपल्या घरचाच आहे. गांधीजींनी १९३५ साली ‘हरिजन’मध्ये हिरव्या पानांच्या पोषणमूल्यावर लिहिताना मुळा-गाजरांचा टाकून दिला जाणारा पालाही खाण्याजोगा असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी ते याच जिल्ह्यातील शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहायला आले. पौष्टिक पान गरिबाच्या ताटात यावे, हा विचार आपल्या मातीत रुजलेला आहे.

तेव्हा आज वैशाखात बी पेरू नका. उन्हाळ्यात खत कुजवा, पावसाळ्यात वाफ्याची जागा नक्की करा आणि नगरपालिकेला पाण्याचा प्रश्न विचारा. बियांना दिवाळीपर्यंत सवड आहे, नाल्याला नाही.