तळ्यातला खेकडा काय खातो?

खेकडा मेलेले खातो असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धेच खरे. आपल्या भागातील 'बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस' या गोड्या पाण्यातील खेकड्याच्या शरीरक्रियेवर १९७० नंतरच्या दशकात तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. आर. नागभूषणम व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ काम केले. असले खेकडे कुजका पाला, शेवाळ, किडे, गोगलगाई, मेलेला मासा, सारे खातात. नुकतीच कात टाकलेला मऊ भाऊबंदही सोडत नाहीत!

चीनमध्ये तळ्यांत व भातखाचरांत दुसऱ्या एका जातीचा खेकडा पाळतात. तेथील शेतकरी खाद्य टाकतो; पण पाणवनस्पतीही लावतो, गोगलगाईही सोडतो. खेकड्याच्या मांसातील जड कार्बन व जड नायट्रोजन मोजले, की त्याने खरोखर काय पचविले याचा अंदाज येतो. त्यात विकतच्या खाद्याबरोबर तळ्यातला हा घासही दिसतो.

आता आपल्याकडे शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते. त्यांत खेकडे सोडू पाहणाऱ्यांना आम्ही विचारतो, गाळ नाही, पाला नाही, गोगलगाय नाही. मग प्रत्येक घास विकतच आणणार काय? आणि कात टाकल्यावर ते बिचारे लपणार कोठे?