भुवईवरील अल्पायुषी गोंदण

भुवयांचे केस मुळातच विरळ असले किंवा वयाने, आजाराने वा वर्षानुवर्षे उपटल्याने विरळ झाले, तर त्या जागी त्वचेत केसासारख्या बारीक रेघा ओढून त्यांत रंग भरण्याची एक पद्धत अलीकडच्या काळात आपल्याकडील शहरांतल्या ब्यूटी पार्लरांत रुळली आहे, आणि तिला मायक्रोब्लेडिंग असे म्हणतात. नावात ‘ब्लेड’ हा शब्द असला तरी या कामात दाढीच्या पात्यासारखे सलग पाते नसते. पेनासारख्या मुठीच्या टोकाला अत्यंत बारीक सुया एका ओळीत, किंचित तिरप्या आणि एकमेकींना खेटून बसवलेल्या असतात. त्यांची संख्या सामान्यतः ७ ते १८ असते आणि ही ओळ त्वचेवरून ओढली असता पात्याने काढावी तशी एकच अखंड रेघ उमटते. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून गोंदणाची कला हाताकडून यंत्राकडे सरकत गेली. मायक्रोब्लेडिंगने मात्र ती पुन्हा हातात आणून ठेवली, कारण यंत्राची सुई मुळात ठिपका देते आणि केस हा ठिपका नसून रेघ आहे.

मराठीत भुवया ‘कोरणे’ हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. वास्तविक थ्रेडिंगमध्ये दोऱ्याच्या पिळात धरून केस उपटले जातात, कोरले काहीच जात नाही. तो शब्द अक्षरशः खरा केला तो मायक्रोब्लेडिंगने. या कामाला व्यवसायात ‘सेमी-पर्मनंट मेकअप’ म्हणण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मात्र बराचसा दिशाभूल करणारा आहे. मेकअप त्वचेवर बसतो आणि रात्री तोंड धुतले की उतरतो. येथे त्वचेला छेद दिला जातो, त्या छेदातून एक परका पदार्थ शरीरात जातो आणि पुढची एक ते तीन वर्षे शरीर त्या पदार्थाशी आपल्या परीने झुंजत राहते. म्हणून शास्त्राच्या दृष्टीने हे गोंदणच होय, आणि ते करणाऱ्या व्यक्तीचे कौशल्य जोखताना मेकअपच्या नव्हे, तर जखमेच्या कसोट्या लावल्या पाहिजेत.

हे कौशल्य प्रामुख्याने खोलीचे आहे. त्वचेचा वरचा थर, ज्याला बाह्यत्वचा म्हणतात, तो चेहऱ्यावर साध्या कागदाच्या जाडीइतकाच असतो, आणि त्यातील पेशी तळाशी जन्म घेऊन सुमारे महिन्याभरात पृष्ठभागावर येऊन झडून जातात. त्यामुळे जो रंग केवळ या थरात अडकतो तो खपलीबरोबर किंवा त्यानंतर काही आठवड्यांत निघून जातो आणि पैसे व वेदना दोन्ही वाया जातात. त्याखाली असलेल्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि केसांची मुळे असतात. रंग टिकायचा असेल तर तो या अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या पदराला स्पर्श करून थांबला पाहिजे. त्याहून खाली गेल्यास रक्त येऊन रंग वाहून जातो, जो उरतो तो शाई टिपकागदावर पसरावी तसा पसरतो, आणि रेघेच्या जागी व्रण राहण्याचा धोका निर्माण होतो. मिलिमीटरच्याही अंशात मोजावी लागणारी ही जागा डोळ्यांना दिसत नाही. अनुभवी हाताला ती सुईखाली जाणवणाऱ्या त्वचेच्या प्रतिकारावरून, रेघ ओढताना येणाऱ्या अतिशय सूक्ष्म करकरीवरून आणि रेघेत पाझरणाऱ्या लसीच्या ओलसरपणावरून कळते. रेघेवर रक्ताचे थेंब उभे राहू लागले की हात जड पडला असे समजावे.

रंग त्वचेत टिकतो तो तेथे निपचित पडून राहतो म्हणून नव्हे. बाहेरून आलेले कण गिळून टाकणे हे ज्यांचे काम, त्या भक्षकपेशी रंगाचे कण गिळतात, परंतु त्यांना ते पचवता येत नाहीत. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगातून असे दाखवले की, अशी पेशी मेल्यावर तिच्यातून सुटलेले कण तिच्या जागी आलेली नवी पेशी गिळते, म्हणजे सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हावी तसा रंग एका पेशीकडून दुसरीकडे जातो. मायक्रोब्लेडिंगमध्ये रंगाची मात्रा थोडी असते आणि तो उथळ असतो, उन्हाने तो विटतो, काही बारीक कण लसिकेवाटे वाहून जातात, आणि हा वारसा हळूहळू आटत जातो.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीतील स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर दिसणारे गोंदण याच नियमांनी चालते, मात्र त्यामागील अपेक्षा नेमकी उलटी होती. काजळीच्या किंवा कोळशाच्या काळ्या रंगाने केलेले ते गोंदण मुद्दाम खोल असे, कारण सगळे दागिने येथेच राहतात आणि गोंदण तेवढे मेल्यावर बरोबर येते अशी श्रद्धा होती. या गोंदणाचा रंग कालांतराने निळसर-हिरवा दिसू लागतो, याचे कारण प्रकाशात आहे: लाल प्रकाश त्वचेत खोल शिरून काळ्या रंगात शोषला जातो, तर निळा प्रकाश वरच्या थरांतूनच विखरून डोळ्यांकडे परततो. खोल गेलेली मायक्रोब्लेडिंगची रेघ काही महिन्यांनी पाटीसारखी करडी-निळी का दिसते, याचे उत्तर आजीच्या हनुवटीवर असे आयते लिहिलेले आहे. मात्र आजीला ते गोंदण आयुष्यभर हवे होते, आणि नातीने भुवईसाठी तसे मागू नये. भुवयांची फॅशन दर दहा-पंधरा वर्षांनी बारीक ते जाड अशी पालटते, चेहऱ्याची त्वचा वयाबरोबर खाली ओघळते, आणि तिशीत योग्य जागी असलेली रेघ साठीत योग्य जागी राहीलच असे नाही. विटणे हा या कामाचा दोष मानला जातो. खरे पाहता तोच त्याचा मोठा गुण आहे.

वापरल्या जाणाऱ्या रंगांत लोहाच्या ऑक्साइडांचे स्थान मोठे आहे. अंगणातील तुळशीवृंदावनाला किंवा कुंडीला लावला जाणारा गेरू हेही लोहाचे ऑक्साइडच, फक्त येथे ते प्रयोगशाळेत शुद्ध केलेले आणि अतिशय बारीक दळलेले असते. लाल, पिवळे आणि काळे ऑक्साइड, कधी कार्बन आणि कधी पांढरे टायटॅनियम डायॉक्साइड यांच्या मिश्रणातून तपकिरीच्या छटा तयार होतात. हे घटक सारख्या वेगाने विटत नाहीत. काळा भाग आधी विरला आणि लाल मागे राहिला की वर्षा-दोन वर्षांनी भुवई विटकरी दिसते, आणि कार्बन जास्त असेल तर ती करडी पडते. काळ्याभोर केसांच्या गव्हाळ किंवा सावळ्या स्त्रीला काळाभोर रंगच हवा असतो, हे स्वाभाविक आहे; तो न देता ऊबदार गडद तपकिरी सुचवणे आणि त्याचे कारण समजावून सांगणे, येथे जाणकारी दिसते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि कायमस्वरूपी मेकअपच्या रंगांतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले आहेत. त्यामुळे बाटलीवर उत्पादकाचे नाव, घटक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार क्लायंटने बजावला, तर कोणत्याही प्रामाणिक व्यावसायिकाला त्याचा राग येण्याचे कारण नाही.

दोन-अडीच तासांच्या बैठकीतील मोठा वाटा आखणीत जातो, आणि ज्या ठिकाणी तो जात नाही तेथून उठून यावे हे बरे. सुतार गेरूत भिजवलेला दोरा ताणून लाकडावर फटकन रेघ उमटवतो, त्याच रीतीने येथे रंग लावलेला बारीक दोरा दोन्ही हातांत ताणून कपाळावर टेकवला जातो आणि नाकाचा मध्य, भुवईचा आरंभ, कमान आणि शेवट यांच्या रेघा उमटवल्या जातात. ढोबळ नियम असा की, नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर गेलेली रेघ भुवईचा आरंभ दाखवते आणि नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून गेलेली रेघ तिचा शेवट दाखवते. परंतु कोणत्याही माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, एक भुवई दुसरीपेक्षा थोडी वर असतेच, आणि बोलताना ती आणखी उचलली जाते. म्हणून आखणी क्लायंटला आडवे झोपवून नव्हे, तर ताठ बसवून, चेहरा सैल सोडायला सांगून केली जाते, आणि आरसा हातात देऊन तिची संमती घेतल्याशिवाय सुईचे पाकीट फोडले जात नाही. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९१४ साली भारतीय शिल्पशास्त्रातील अंगरचनेविषयी लिहिताना भुवईला कडुनिंबाच्या पानाची आणि धनुष्याची अशा दोन उपमा नोंदवल्या आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या भुवया पाहिल्या असता धनुष्य म्हणजे काय ते कळते. पार्लरमध्ये येणाऱ्या बहुतेक चेहऱ्यांना मात्र कडुनिंबाचे पानच अधिक शोभते, आणि छापील साच्याने काढलेली तीच ती धनुष्ये फार काळ नैसर्गिक वाटत नाहीत. केसही सगळे एका दिशेने वाढत नाहीत: नाकाजवळचे वर झेपावतात, मधले आडवे होतात, वरच्या कडेचे खाली झुकून खालच्यांना भेटतात, आणि रेघांनी हीच चाल धरावी लागते.

सुई उचलण्यापूर्वी काही प्रश्न विचारले जाणे आवश्यक असते. भुवईचा केवळ बाहेरचा तृतीयांश भाग झडला असेल, तर ते थायरॉइडची ग्रंथी मंदावल्याचे लक्षण असू शकते. गोल चट्ट्याने केस गेले असतील तर ती चाई असू शकते. आणि कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवयांचे केस झडतात, हे तर महाराष्ट्राला आनंदवनाच्या कामामुळे सांगण्याची गरज नाही. अशा वेळी आधी डॉक्टर आणि मग रेघ, हाच क्रम योग्य ठरतो. ज्यांच्या अंगावर कोड किंवा सोरायसिस आहे त्यांच्यात जखमेच्या रेषेवरच नवा डाग उमटण्याची प्रवृत्ती असते, आणि ज्यांच्या जखमेची खूण मूळ जखमेबाहेर वाढत जाऊन केलॉइड बनते त्यांनाही हे काम वर्ज्य समजावे. गर्भारपण, आटोक्यात नसलेला मधुमेह, रक्त पातळ ठेवणारी औषधे, मुरुमांसाठी घेतलेले आयसोट्रेटिनॉइन या सर्वांची चौकशी व्हावी लागते. कर्करोगाच्या केमोथेरपीत भुवया जातात आणि आरशातला चेहरा परका वाटू लागतो. अशा स्त्रीला या रेघांचा मोठा आधार वाटतो, परंतु उपचार चालू असताना रोगप्रतिकारशक्ती खालावलेली असल्याने डॉक्टरांच्या संमतीने उपचारांपूर्वी किंवा ते संपल्यावरच हे काम करता येते. तेलकट त्वचेच्या स्त्रीला रेघा लवकर फिसकटतील हे आगाऊ सांगणे, प्रसंगी नकार देणे आणि हातचे काम सोडणे, हे प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

स्वच्छतेविषयी थोडक्यात एवढेच की, सुयांचे पाकीट क्लायंटच्या डोळ्यांसमोर फुटले पाहिजे आणि काम संपताच त्या सुया टोचणार नाहीत अशा कडक डब्यात गेल्या पाहिजेत. जत्रेत बॅटरीच्या यंत्राने एकाच सुईने ओळीने गोंदून घेणाऱ्यांना कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा जो धोका असतो, तो वातानुकूलित खोलीत आपोआप नाहीसा होत नाही. कानामागे रंगाचा ठिपका देऊन केलेली पॅच टेस्टही आधीच्या दिवसांत उरकावी लागते. गोंदणानंतर रक्तदान वर्षभर करता येत नाही आणि एमआरआय तपासणीच्या वेळी भुवईतील लोहयुक्त रंगाची कल्पना तंत्रज्ञाला द्यावी, या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत.

घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस क्लायंटची परीक्षा पाहतात. पहिले दोन-तीन दिवस भुवया अपेक्षेपेक्षा गडद आणि जाड दिसतात, आठवड्याभरात बारीक खपल्या धरतात आणि त्या नखाने काढल्या की त्यांच्याबरोबर रेघही निघून येते; खपल्या आपसूक गळाल्यावर भुवया इतक्या फिकट दिसतात की सगळे काम फुकट गेले असे वाटते, आणि त्यानंतर वरची कोवळी त्वचा स्थिरावली की रंग पुन्हा वर येतो. या काळात घाम, वाफ, पोहणे आणि कडक ऊन टाळायचे असल्याने एप्रिल-मेमधील लग्नाआधी आठ दिवस पार्लर गाठणारी नवरी चुकीच्या वेळी आलेली असते. चार ते आठ आठवड्यांनी होणारा टच-अप, म्हणजे न धरलेल्या रेघा पुन्हा भरणे, हा कामाचाच भाग समजला जातो.

बिघडलेले काम लेझरने पुसता येईल या भरवशावर कोणी राहू नये. लाल-तपकिरी लोहऑक्साइडावर लेझरचा झोत पडला असता त्याचे रासायनिक रूपांतर होऊन ते काळे पडू शकते, पांढऱ्या टायटॅनियमचेही तसेच होते, आणि पुसायला गेलेली भुवई आधीपेक्षा गडद होऊन बसते. एकावर एक थर चढवत गेल्यासही रेघा मिटून भुवईचा सपाट ठोकळा बनतो. म्हणून वर्ष-दीड वर्षाने क्लायंट नव्या रेघांसाठी परत आली आणि जुना रंग अजून पुरता विरलेला नसला, तर चांगली सौंदर्यतज्ज्ञ खिडकीच्या उजेडात तिची भुवई ताणून पाहते, सहा महिन्यांनी यायला सांगते आणि त्या दिवशी फक्त थ्रेडिंग करून, थ्रेडिंगचेच पैसे घेऊन तिला घरी पाठवते.