मोबाईलचा ठिपका पडताळून बघा

ई-पीक पाहणी करताना पिकाच्या फोटोबरोबर मोबाईल त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवतो. ही जागा उपग्रहांच्या संदेशांवरून ठरते. मोकळ्या रानात फरक साधारण ५ मीटरचा पडतो. दौलताबादच्या डोंगराखाली किंवा दाट झाडीत तो वाढतो.

विमानांसाठी या संदेशांवर पहारा असतो. त्यासाठी ‘गगन’ यंत्रणेची नागपूरसह देशात १५ केंद्रं आहेत. केंद्राची जागा आधीच नेमकी मोजलेली असते. उपग्रहांनी दाखवलेली जागा तिच्याशी जुळली नाही, की चूक कळते आणि काही सेकंदांत वैमानिकाला इशारा जातो.

आपणही तसंच करू. गटाच्या मध्यावर, मोकळ्या आभाळाखाली जरा थांबा. मोबाईलच्या नकाशावरचा ठिपका आपल्याच विहिरीजवळ, आपल्याच बांधाच्या आत दिसतो का, बघा. मगच फोटो काढा. हीच नोंद सातबाऱ्यावर जाते आणि नुकसानभरपाई मागताना तीच कामी येते.