पूल कोण बांधतो?



संकल्पचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टेबलावर ओणवा झालेला एकटा प्रज्ञावंत उभा राहतो. मोठ्या कामात असे कधीच नसते. तेथे दहा डोकी लागतात, आणि खरी पंचाईत होते ती या डोक्यांमधल्या अंतराची. कॅनडात क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर जे घडले, ते आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

पुलाचे सल्लागार होते थिओडोर कूपर. अमेरिकेतले नामांकित अभियंते, परंतु वय झालेले, प्रकृतीने थकलेले आणि मुक्काम न्यूयॉर्कला. मानधन इतके तोकडे की मदतनीस ठेवण्याची सोय नाही. तपशीलवार आकडेमोड होत होती पेन्सिल्व्हानियात, फिनिक्सव्हिलच्या कारखान्यात. पूल उभा राहत होता तिसऱ्याच ठिकाणी. मधला गाळा 1600 फुटांचा होता, तो कूपरांनी 1800 फुटांचा केला. गाळा वाढला म्हणजे पुलाचे स्वतःचे वजनही वाढणार, हे शाळकरी पोरही सांगेल. पण वजनाचा जुनाच अंदाज पुढे चालू राहिला! चूक ध्यानात आली तेव्हा बरेचसे पोलाद घडवून झाले होते. ताण थोडा अधिक येईल, पण चालेल, असा निर्णय कूपरांनी दिला. त्याआधी, 1903 साली, सरकारने आराखडे दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घेण्याचा विचार केला, तेव्हा तो त्यांना आपल्या अधिकाराचा अधिक्षेप वाटला आणि ती तपासणी बारगळली. मोठ्या नावाचा दबदबा हा असा असतो. कूपरांच्या विद्वत्तेविषयी मला शंका नाही. त्यांच्या शब्दाला ‘कशावरून?’ असे विचारणारा त्या व्यवस्थेत कोणी ठेवलाच नव्हता, हे माझे गाऱ्हाणे आहे.

विचारू पाहणारा एक होता. नॉर्मन मॅक्लुअर, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण, कामावर कूपरांचे डोळे म्हणून नेमलेला. 1907 च्या ऑगस्टमध्ये खालच्या तुळया वाकत असल्याचे त्याने मोजून कळविले. कारखान्याचे म्हणणे, त्या पहिल्यापासूनच तशा असाव्यात. वाद पत्रापत्री चालला. अखेर मॅक्लुअर स्वतः न्यूयॉर्कला गेला. 29 ऑगस्टला दुपारी कूपरांनी तार केली, पुलावर आणखी भार चढवू नका म्हणून. पण ती तार गेली फिनिक्सव्हिलला! जेथे माणसे काम करीत होती, तेथे कोणाला काही कळले नाही. फिनिक्सव्हिलात मंडळींनी ठरविले, उद्या सकाळी विचार करू. त्याच संध्याकाळी, सुटीची वेळ होत आली असता, पूल नदीत कोसळला. 75 माणसे गेली. त्यांत काह्नवाकेच्या मोहॉक वस्तीतले 33 जण होते.

मंडळी, आकडेमोडीची चूक कोणाकडूनही होते. ती बोलून दाखविणाऱ्या कनिष्ठाच्या हाती काम थांबविण्याचा अधिकार होता काय, हे मी कोणत्याही पथकाविषयी प्रथम विचारीन.

पुढे काम एका माणसाच्या भरवशावर न ठेवता तिघा अभियंत्यांच्या मंडळाकडे दिले. तेथे सारे गोडीगुलाबीने चालले असे समजू नका. आराखड्यावरून इतके मतभेद झाले की अध्यक्ष व्होतले यांनी राजीनामा दिला. नव्या पुलाच्या दाबाच्या तुळया जुन्यांच्या दुपटीहून जाड झाल्या. 1916 साली मधला भाग उचलताना तोही नदीत पडला, आणखी 13 बळी गेले. 1917 साली पूल पुरा झाला, आणि आगगाड्या आजही त्यावरून जातात.